एकोणिसावा टाका

३ नोव्हेंबर, सोमवार

डेपोच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. "रोज चार ओळी लिहा. काय वाटतं ते लिहा." मी म्हटलं, बाई, सव्वीस वर्षं बस चालवतोय, मला काय वाटतं हे आजवर कुणी विचारलेलं नाही. त्या हसल्या नाहीत. वर म्हणाल्या, "आणि हातांना काहीतरी काम द्या."

हातांचंच तर सगळं झालंय. घड्याळजीच्या थांब्यापाशी जे झालं त्याला आज पंचवीस दिवस झाले. तेव्हापासून चहा अर्धा कपच घेतो, भरून घेतला की बशीत सांडतो. दाढी करताना दोनदा कापलं. चौकशी होऊन कागद आला. चालकाची चूक नाही, सदर इसम धावताना पाय घसरून मागच्या चाकाखाली आला. खाली सही, शिक्का. कागद मी कपाटात शर्टांच्या खाली ठेवलाय.

२२ डिसेंबरला परत तपासणी. हात स्थिर असले तर स्टिअरिंग, नाहीतर निवृत्तीपर्यंत पासांच्या खिडकीवर. माझ्यासारख्याला खिडकीत बसवणं म्हणजे जिवंतपणी फोटो लावण्यासारखंच आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

सासरे गेल्यापासून, म्हणजे दीड वर्षापासून, सासूबाई आमच्याकडे असतात. आमच्या दोघांचं बोलणं आजवर "जेवलात का" आणि "दिवा घालवू का" एवढंच. आज ही शाळेत गेली (ही चित्रकला शिकवते) आणि सासूबाई एक जुना राखाडी स्वेटर घेऊन समोर येऊन बसल्या. सासऱ्यांचा.

"जावई, माझा खांदा धरलाय. मी उसवते. तुम्ही नुसते हात पुढे करून बसा."

नाही कसं म्हणणार? तासभर हात पुढे करून बसलो आणि त्या माझ्या हातांभोवती लोकर गुंडाळत राहिल्या. हात थरथरत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "हलू द्या की. लोकर मोकळी होते त्याने." म्हातारी बोलायला तिखट आहे.

एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. त्या तासाभरात मला ते चाक आठवलं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आता नवीन खूळ. म्हणे त्यांना डोळ्यांनी कमी दिसतं, सुईवर पहिले टाके घालता येत नाहीत, तेवढे मी घालून द्यावेत. मी म्हटलं, आई, मला शर्टाचं बटण लावता येत नाही. "बटण वेगळं. हे बसमध्ये माणसं घेण्यासारखं आहे. एकेकाला आत घ्यायचं, मागच्याला ढकलायचं."

बत्तीस टाके घातले. दोन तास लागले. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "सातवा पिळलाय, काढा." बघतो तर खरंच पिळलेला. डोळे अधू झाले की माणसाला बाकीच्या गोष्टी जास्त कळतात असं ऐकलंय, त्यातलंच काहीतरी असणार.

मग म्हणाल्या, एवढे घातलेत तर दोन सुया विणूनही द्या. विणण्याच्या भाषेत एका ओळीला सुई म्हणतात. जाताना सुलट, येताना उलट.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझे टाके सारखे मोजण्यात चुकायचे. आज एकदम डोक्यात उजेड पडला. माझ्या नऊ नंबरला थांबेही बत्तीसच! मग काय, डेपोपासून सुटलो. डेपो, पाण्याची टाकी, दगडी शाळा, वळण... एका थांब्याला एक टाका. ...बाजार, पोस्ट, छापखाना, पूल, दवाखाना, लाकडाची वखार, असं करत गिरणीचं गेट. तिथे सुई संपली. टाका उरला नाही की कमी पडला नाही. फिरवली सुई आणि उलट टाक्यांनी गिरणीपासून परत डेपो.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सगळे थांबे घेता ना?" मी म्हटलं, सव्वीस वर्षं! झोपेतही चुकणार नाही.

ही संध्याकाळी आली तेव्हा मी विणत होतो. दारातच उभी राहिली. मग आत जाऊन नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत होता.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शिट्टी आला होता. माझा कंडक्टर. अकरा वर्षं एका गाडीवर काढली आम्ही. त्याची चाहूल लागताच विणकाम घाईघाईने खुर्चीवर टाकलं आणि त्यावरच बसलो. एक सुई अशी टोचली की डोळ्यांत पाणी आलं. शिट्टीला वाटलं मी त्याला बघून गहिवरलो. तोही रडायला लागला.

"डबल बेल मीच दिली होती," तो म्हणाला. "मी मागे बघायला हवं होतं."

मी त्याच्यावर ओरडलो. तुझा काय संबंध, तू तिकिटं फाडत होतास, गप्प बस. एवढं ओरडायचं कारण नव्हतं. तो बिचारा चहा टाकून उठला. जाताना म्हणाला, छत्रीवाल्यांच्या घरी जाऊन आलो. घड्याळजीच्या दुकानाच्या वरच राहायचे, थोरल्या बहिणीबरोबर. मी विचारलं नव्हतं. कशाला सांगितलं?

छत्रीवाले म्हणजे त्या कागदातले 'सदर इसम'. ऊन असो, पाऊस असो, हातात छत्री. आठ दहाच्या गाडीला यायचे, वाचनालयात कामाला होते. नाव मला चौकशीत कळलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वाईट दिवस. खाली कुणीतरी करकचून ब्रेक मारला आणि माझ्या हातातला कप गेला. ही म्हणाली, "असू दे." त्या "असू दे"वर माझं डोकं फिरलं. काय असू दे? तुला काय माहीत आहे? नको नको ते बोललो. ती डबा न घेताच शाळेत गेली.

सासूबाईंनी काचा गोळा केल्या आणि माझ्यापुढे सुया ठेवल्या. मी म्हटलं, आई, विणून माणूस बरा होतो का? म्हणाल्या, "मला काय ठाऊक? हे गेले तेव्हा मी ओळीने सात टोप्या विणल्या. एकही कुणाच्या डोक्यात बसली नाही. पण ते सात आठवडे गेले."

सहा सुया विणल्या. सुया चालू असल्या की छातीतला गोळा जरा खाली सरकतो, श्वास पोटापर्यंत जातो. सुया ठेवल्या की गोळा परत जागेवर. पण सरकतो हे खरं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सासूबाईंची काळजी वाटते. रोज दुपारी मी आडवा झालो की त्या माझं विणकाम घेऊन खिडकीपाशी बसतात. नाकाला लावून बघतात. क्रोशाच्या सुईने त्यात काहीतरी खुडबुड करतात. आज डोळे किलकिले करून पाहिलं, तर एका जागी सुई घालून वर, परत वर, असं चाललं होतं. ओठ हलत होते. विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही, धूळ काढत होते."

लोकरीतली धूळ! हिला सांगितलं, तुझ्या आईचं काहीतरी बिनसतंय, आधी डोळे दाखवू. ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दाखवा की. तुम्हीच घेऊन जा." किती आठवड्यांनी मी घराबाहेर पडणार, हे मला नंतर सुचलं.

२ डिसेंबर, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. चालत गेलो, येतानाही चालतच. सासूबाईंनी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. तेवढ्यावर थांबल्या नाहीत, त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत तक्ता छापणाऱ्याचा पत्ता होता तोही वाचला. डॉक्टर म्हणाले, "यांना कशाला आणलंत? माझ्यापेक्षा चांगलं दिसतंय."

रस्त्यात मी विचारलं, मग मला टाके का घालायला लावलेत? त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दिसत नव्हते." म्हणजे डोळे नाहीत, विसरभोळेपणा असणार. जास्तच काळजीची गोष्ट. तपासणीला वीस दिवस उरलेत आणि हे एक नवीन.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज काय झालं ते लिहितो, हात हलतोय तरी.

दुपारी उठलो तर विणकाम माझ्या उशाशी, पसरून ठेवलेलं. मधोमध वरपासून खालपर्यंत शिडीसारखे आडवे धागे. एक टाका सुटून पार खाली घरंगळत गेलेला. सासूबाई समोर बसल्या होत्या.

"हे कुणी केलं?" मी विचारलं.

"तुम्हीच. रोज करता. एकोणिसावा टाका. रोज तो सुईवरून पडतो आणि तुम्ही पुढे जाता. दुपारी मी वर आणून ठेवते, दुसऱ्या दिवशी तुम्ही परत पाडता. आज नाही आणला मी."

मी म्हटलं, शक्य नाही. एक तरी थांबा चुकला असता तर गिरणीपाशी टाका उरला असता.

"पडलेला टाका कसा उरेल? म्हणा बघू थांबे. मोठ्याने."

म्हटले. डेपो, टाकी, शाळा. बाजार. पोस्ट. छापखाना. पूल.

"थांबा," त्या म्हणाल्या. "मी दाताच्या डॉक्टरांकडे तुमच्याच गाडीने जायचे. छापखान्यानंतर पूल येत नाही. घड्याळजी कुठे गेला?"

मी विणकाम भिंतीवर फेकलं. त्यांच्यासमोर. सत्तर वर्षांच्या बाईसमोर. आणि चपला न घालता खाली जाऊन पायरीवर बसलो, ही येईपर्यंत. ही शेजारी बसली, शाळेची पिशवी मांडीवर घेऊन. तिच्या बोटांना निळा रंग लागला होता.

आत्ता वही चाळली. १२ नोव्हेंबरला मी बाजारापासून वखारीपर्यंतचे थांबे लिहिलेत. त्यातही नाही.

७ डिसेंबर, रविवार

सांगितलं. दोघींना. कागदावर नाही ते.

मी त्यांना पाहिलं होतं. छत्रीवाल्यांना. डावीकडच्या आरशात, धावत येताना, छत्री वर केलेली. रोजच थोडा उशीर व्हायचा त्यांना आणि रोज मी थांबायचो. त्या दिवशी गाडी चार मिनिटं मागे होती, आदल्याच दिवशी कंट्रोलरने सगळ्यांसमोर माझी काढली होती. शिट्टीची डबल बेल झाली. मी पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि गिअर टाकला. चौकशीत विचारलं, आरशात कुणी दिसलं का? मी म्हटलं, नाही.

ही रडली. सासूबाई रडल्या नाहीत. मला वाटलं त्या म्हणतील, जाऊ द्या, तुमची काय चूक. तसं म्हटलं असतं तर मी परत भांडलो असतो. त्या म्हणाल्या, "चूक किती आणि कुणाची, ते मला नाही सांगता येणार. टाका कुठे सुटलाय एवढं मात्र कळलं."

"आता सगळं उसवायचं?" मी विचारलं. विणकामाबद्दलच विचारलं.

"सगळं कशाला? तेवढीच रांग. पण पार खालपासून."

क्रोशाची सुई माझ्या हातात दिली. तळाशी पडलेला टाका पकडायचा, त्याच्या वरचा धागा त्यातून ओढायचा, की एक पायरी झाली. मग पुढची. त्या रोज हे पाच-दहा मिनिटांत करत असणार. मला पाऊण तास लागला. हात हलत होते. तीन वेळा परत तळाशी गेलो. त्यांनी एकदाही माझ्या हातातून घेतलं नाही.

टाका वर आला. पण ती रांग बाकीच्यांपेक्षा जरा ताणलेली दिसते. धुतल्यावर बसेल का विचारलं. "थोडी बसेल," म्हणाल्या. "दिसेल."

१५ डिसेंबर, सोमवार

आठवडाभर अर्ज लिहून फाडत होतो. शेवटी सात ओळी झाल्या. डेपो मॅनेजरसमोर ठेवला. त्यांनी वाचला, दार लावून घेतलं आणि हळूच म्हणाले, "अहो, प्रकरण मिटलंय. कशाला आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय? न्या परत." न्यावासा वाटला, खोटं कशाला बोलू. हात अर्ध्यापर्यंत गेलाही होता. मग म्हटलं, राहू द्या तिथेच. शिट्टीचं नाव त्यात कुठे येऊ देऊ नका, बेल देणं हे त्याचं काम होतं.

परत चौकशी होईल. निलंबन होईल, किंवा खिडकी, किंवा तीही नाही. हिला सांगितलं तर म्हणाली, "माझा पगार आहे." बस, एवढंच. आणि कपाटातून तो कागद काढून माझ्या शर्टांची घडी नीट केली.

२० डिसेंबर, शनिवार

नऊ नंबरने गेलो. प्रवासी म्हणून. ही येते म्हणाली, मी नको म्हटलं. तिसऱ्या सीटवर दांडा धरून बसलो. घड्याळजीपाशी उतरताना पाय उचलेना, मागची बाई ओरडली, "उतरायचंय की नाही?"

दुकानाच्या बाजूने लाकडी जिना. बहीण दार उघडून उभी राहिली. सासूबाईंच्याच वयाच्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी आत बोलावलं, खुर्ची पुसली. कोपऱ्यात छत्री टेकवून ठेवलेली होती, तिची एक काडी वाकलेली.

मी बोलायच्या आधी त्याच बोलल्या. "तुम्ही आलात, बरं झालं. तो तुमचं फार कौतुक करायचा. मी रोज म्हणायचे, निघ लवकर, गाडी जाईल. तो चहा फुंकून फुंकून प्यायचा आणि म्हणायचा, जात नाही गं, नऊ नंबरवाला थांबतो माझ्यासाठी."

खाली दुकानातली घड्याळं ठोके देत होती, एकाचं झालं की दुसऱ्याचं. मग सांगितलं. आरसा, छत्री, चार मिनिटं, सगळं. माझे दोन्ही हात गुडघ्यांवर नाचत होते. मी ते लपवले नाहीत.

त्यांनी विचारलं, "तुम्ही गाडी काढलीत तेव्हा छत्री वर होती त्याची?"

"होती."

"म्हणजे त्याला वाटलं असणार की तुम्ही थांबताय."

पदराशी चाळा करत खिडकीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता तुम्ही जा."

मी उठलो. माफी मागायचं घोकून गेलो होतो, ते राहूनच गेलं. चार पायऱ्या उतरलो तेव्हा वरून आवाज आला. "जिना घसरडा आहे. कठडा धरून उतरा."

धरून उतरलो.

घरी आलो तर सासूबाई दारातच होत्या. अर्धा कप चहा दिला.

२२ डिसेंबर, सोमवार

दहा वाजता डेपोत तपासणी, त्यानंतर मॅनेजरांनी बोलावलंय. हात हलतात. आधीपेक्षा कमी, पण हलतात. डॉक्टरीणबाईंना ते दिसणारच आणि मी लपवणार नाही. मागच्या चार-पाच रात्री झोप मात्र लागली, हे वहीत असावं.

निघण्याआधी एक सुई विणून जा म्हणाल्या सासूबाई. शेजारी बसल्या, चष्मा काढून मांडीवर ठेवून. मी मोठ्याने म्हणत निघालो. डेपो, टाकी, दगडी शाळा, वळण. ही डबा भरता भरता दारात येऊन ऐकत होती. बाजार. पोस्ट. छापखाना.

घड्याळजी म्हटलं आणि हात हलायला लागला. सुईचं टोक टाक्यातून बाहेर निसटलं, परत आत गेलं. उशीर होत होता. मी थांबलो. टाका सुईवर नीट घेतला, विणला, आणि मगच पुढे पूल म्हटलं.